मी न मोजलेले चार आकडे

साथीदारानं गर्व करू नये, असं मला मिरजेच्या माझ्या तबल्याच्या गुरुजींनी शिकवलं होतं. आता गुरुजी गेले, मीही रिटायर झालो, तेव्हा खरं सांगून टाकायला हरकत नाही. मला गर्व आहे. एकाच गोष्टीचा आहे, पण चांगला मणभर आहे.

त्या गोष्टीचा पुरावा आमच्या कार्डिफच्या घरात जिन्याच्या भिंतीवर टांगलेला आहे. फ्रेम केलेला फोटो. मधोमध माईकसमोर एक स्पॅनिश बाई उभी आहे. साधा काळा ड्रेस, केस मागे बांधलेले, डोळे मिटलेले, तोंड उघडं. डाव्या कोपऱ्यात एक कोपर दिसतं आणि थोडा हाताचा पंजा. तो मी. माझी बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "लोक मुलांचे ग्रॅज्युएशनचे फोटो लावतात, आमच्याकडे ह्यांचं कोपर लावलंय." पाहुणे हसतात. हसू देत. फोटो उतरणार नाही.

मी भूल देणारा डॉक्टर. मिरजेला मेडिकलला असताना अभ्यासाइतकाच वेळ तबल्याला दिला, आणि तो छंद डग्ग्यासकट विमानातून इकडे आणला. भूल देणं आणि तबल्याची साथ करणं यांत फारसा फरक नाही. सर्जन कापतो, नाव कमावतो, शुद्धीवर आलेला पेशंट चॉकलेटचा डबा त्यालाच देतो. डोक्याशी बसून चार तास त्याचा श्वास कोण सांभाळत होतं, हे त्याला आठवत नाही, कारण तो झोपलेला असतो. इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमपत्रिकेतही तेच. आधी गायक, मग निवेदिका, मग हॉल मिळवून देणारे, मग बटाटेवडे करणाऱ्या भगिनी, आणि जागा उरली तर तबला. एका वर्षी जागा उरली नाही. मी तीन दिवस कोणाशी बोललो नव्हतो. बायको म्हणाली, "अहो, फोटोकॉपीयरनं कापलं असेल." फोटोकॉपीयर बरोबर माझ्याच नावावर थांबला!

असा मी. नाकावर राग, आणि जागा नेहमी मागची.

फोटोतली ती बाई आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होती. दोन हजारनंतरची ती पहिली काही वर्षं. इथे नर्सेस मिळत नव्हत्या, म्हणून स्पेनहून एक तुकडीच्या तुकडी आमच्या हॉस्पिटलात आली, त्यातली ही. वय असेल तीस-बत्तीस. ऑलिव्ह डबाबंद करणाऱ्या कारखान्याच्या गावातून आलेली. कामाला चोख. ऑपरेशन संपताना रक्त टिपायचे स्वॉब मोजायची ते मोठ्यानं, खणखणीत, दोनदा. एक जरी कमी भरला तरी सर्जनला टाके घालू द्यायची नाही, मग तो कितीही पाय आपटो.

सर्जनची वाट बघताना माझी बोटं मशीनच्या कडेवर चालत असतात. मला कळतही नाही. एकदा ती मास्कमागून म्हणाली, "डॉक्टर, तुमची बोटं काहीतरी बोलतात. पण एक-दोन-तीन-चार असं नाही बोलत." मी तिला तबला काय असतो ते सांगितलं. तिनं मला सांगितलं की ती शनिवारी एका बँडमध्ये गाते.

बँड हॉस्पिटलातल्याच लोकांचा होता. गिटार वाजवणारा आणि गाणी लिहिणारा एक्स-रे विभागातला एक उंच वेल्श गृहस्थ, आणि ड्रम वाजवणारा वॉर्डात ट्रॉल्या ढकलणारा अस्वलासारखा धिप्पाड, गरीब स्वभावाचा माणूस. एका सहकाऱ्याच्या निरोपसमारंभात आम्ही नवराबायकोनं त्यांना ऐकलं. ड्रमरनं काठ्या चारदा एकमेकींवर आपटल्या की ही गायला लागायची. गिटारवाल्यानं मान हलवली की थांबायची. आवाज असा की पाठीमागे बिअर ओतणारे हात थबकावेत. पण गाणी उन्हाळ्याची, समुद्राची, गोऱ्या मुलीच्या निळ्या डोळ्यांची. हिचे डोळे काळेभोर.

परत येताना गाडीत मी म्हणालो, "गाते फार छान, पण दुसऱ्याचं ओझं वाहतेय."

"तुम्ही तेच करता की वर्षानुवर्षं," बायको म्हणाली. मी रेडिओ लावला.

बँडला दिवस बरे आले. लोकल रेडिओवर एक गाणं लागलं. लंडनला रेकॉर्डिंगची तारीख मिळाली. आणि नेमक्या त्याच आठवड्यात हिनं बँड सोडला. कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर ट्रे ठेवून तिनं हे सांगितलं, तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला.

"का?"

तिनं खिशातून एक वही काढली. त्यात तिची सहा गाणी होती. दोन इंग्रजीत, चार तिच्या भाषेत. बँडमध्ये तिनं ती कधी पुढे केली नव्हती. एकदाच केली, तर गिटारवाला म्हणाला, चांगली आहेत, पण आपल्यासारखी नाहीत. ते तो प्रामाणिकपणे बोलला होता. आणि ती सोडून जाते म्हटल्यावर जे बोलला, तेही प्रामाणिकपणेच. तो म्हणाला, "तू परत येशील. आजवर एक तरी गाणं तू स्वतः सुरू केलंयस का?"

महिन्याभरानं एका रविवारी जुन्या चॅपलच्या हॉलमध्ये स्थानिक कलाकारांची संध्याकाळ होती. त्यात तिनं अर्धा तास मागून घेतला होता. गिटारवाला तोपर्यंत तिची जागा रिकामी ठेवणार होता. तो रविवार जमला तर ती एकटीच्या नावानं गाणार. नाही जमला तर सोमवारी गपचूप बँडमध्ये परत, आणि वही खिशात.

"मला गिटार नकोय," ती म्हणाली. "गिटार असली की मी तिच्या मागे जाते. तुमची ती बोटं हवीत."

पन्नाशी उलटलेल्या माणसाला कोणी असं म्हणालं की तो आधी आजूबाजूला बघतो, दुसऱ्या कोणाला म्हणतेय का ते. मी हो म्हणालो.

पहिली तालीम आमच्या फ्रंट रूममध्ये. सोफा भिंतीला सरकवला, सतरंजी घातली, सुरासाठी इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचा डबा लावला. तिच्या पट्टीचा तबला मी सकाळपासून रेडिएटरपासून लांब, पण खिडकीच्या ओलीपासूनही लांब असा ठेवला होता. वेल्सच्या हवेत तबला लावणं म्हणजे रुसलेल्या माणसाची समजूत काढणं. ठोकून लावला. ती समोर उभी राहिली, डोळे मिटले. मी हात तबल्यावर ठेवले.

डबा घुमत राहिला. तिनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि हसली. मीही हसलो. तिनं पुन्हा डोळे मिटले. मी पुन्हा हात सज्ज केले. मिनिट गेलं. मला वाटलं, काय तयारी आहे, किती आत उतरतेय ही सुरात! अशी समाधी आमच्या मंडळात गाणाऱ्या दंतवैद्यांना कधी लागली असती तर. दोन मिनिटं गेली. दारातून बायको पोह्यांच्या बशा घेऊन आत आली, आम्हा दोघांकडे बघितलं आणि म्हणाली, "अहो, लाइट गेलेत का? सुरू का नाही करत?"

"ती सुरू करतेय," मी म्हणालो.

बायकोनं तेच तिला इंग्रजीत विचारलं. "ते सुरू करतायत," ती म्हणाली.

तेव्हा उलगडा झाला. ती माझ्या चार आकड्यांची वाट बघत होती. मी तिच्या गाण्याची वाट बघत होतो. तिच्या जगात वाजवणारा चार मोजतो, मग गाणारी गाणं उचलते. माझ्या जगात गाणारी आधी गाणं उचलते, मुखडा घेते, आणि तबला तिच्यामागून समेवर येऊन तिला भेटतो. सम म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, दोघांची भेटायची जागा. गुरुजी सांगायचे, गवयाच्या आधी तबलजीनं श्वाससुद्धा घेऊ नये. हॉस्पिटलात शिकलेली शिस्त मी एकवेळ मोडेन, पण ही नाही.

आम्ही खूप हसलो. पोहे खाल्ले. मग ती म्हणाली, "बरं, आता मोजा."

"मी मोजत नाही. तू सुरू कर."

"मला सुरू करता येत नाही."

"मग शीक. गाणं तुझं आहे."

"तुम्ही एकदा मोजा, मग मी शिकेन."

"तबला मोजत नाही," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता, हे मला बशी खाली ठेवताना कळलं. "गाणाऱ्याला गाता येत नसेल तर तबला गप्प बसतो. तसाच गप्प बसेल."

तिनं वही उचलली, कोट उचलला, बायकोला थँक्यू म्हणाली आणि गेली. दार तिनं आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

बायको बशा गोळा करायला आली. "आयुष्यभर पेशंटना दहापासून उलटे आकडे मोजायला लावलेत. एका पोरीसाठी चार सुलटे मोजायला काय जात होतं तुमचं?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तत्त्व कसलं? पत्रिकेत नाव शेवटी येतं, तो राग तिच्यावर काढलात."

आणि ते खरं होतं. रात्रभर मी ते उलटसुलट करून बघितलं. गुरुजींची शिकवण खरीच होती, पण तिच्या आड माझा ताठाही दडून बसला होता. आयुष्यभर कोणीतरी सुरू करतं आणि मी मागून येतो, म्हणून कोणीतरी माझी वाट बघतंय हे मला आतून गोड लागलं होतं. हे लिहितानाही मला लाज वाटते.

बुधवारच्या ऑपरेशनच्या लिस्टला आम्ही दोघं एकाच थिएटरमध्ये होतो. शेवटचा पेशंट रिकव्हरीला गेल्यावर मी कॉरिडॉरमध्ये तिला गाठलं. "माझं चुकलं," मी म्हणालो. "मी मोजून देतो. चार काय, चाळीस मोजतो."

ती हातमोजे काढत होती. एक काढला, दुसरा काढला, दोन्ही पिवळ्या पिशवीत टाकले. "नको," ती म्हणाली. "मी तुमच्यावर नव्हते रागावले, डॉक्टर. गिटारवाला म्हणाला ते खरं आहे, म्हणून रागावले. दिवसभर मी इथे मोजते, शनिवारी कोणीतरी माझ्यासाठी मोजतं. तुम्ही मोजलंत तर तुम्ही माझे नवे ड्रमर. मग जुना काय वाईट होता?"

 माझ्याहून वीस वर्षांनी लहान मुलगी मला माझ्याच गुरुजींचा धडा परत शिकवत होती, आणि माझ्यापेक्षा स्वच्छ हेतूनं. अभिमानाची पहिली कळ मला तिथं उठली. अजून एक सूरही लागलेला नव्हता.

मग ती दर मंगळवारी आणि शनिवारी येऊ लागली. शनिवार आता मोकळेच होते तिचे. मी तबला लावून बसायचो, ती उभी राहायची आणि सुरू करू बघायची. ओठ हलायचे, श्वास भरायचा, आणि तो तसाच सुटायचा. कधी कधी सुरू व्हायची, पण पहिल्याच ओळीत माझ्याकडे बघायची, चुकलं का म्हणून. बघितलं की गाणं खाली बसायचं. मी मान हलवत नव्हतो, हसत नव्हतो, नुसता बसायचो. सोपं नव्हतं ते. माझा स्वभाव बघता तर अजिबात नाही. बायको मधूनच डोकावायची आणि भुवयांनी विचारायची, आज? मी भुवयांनीच सांगायचो, नाही.

बायकोशी तिची गट्टी जमली होती. मंडळातल्या मुलांचं ऐकून ती तिला 'काकू' म्हणायला लागली. तालीम संपली की दोघी स्वयंपाकघरात भांडी विसळायच्या. एका शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी समोरच्या खोलीत तबल्याला टोपी घालत होतो. बायकोनं टेबलावरचा कपडा उचलला, मागचं दार उघडलं आणि पोळीचा चुरा बागेत झटकला. फट् फट् फट्. आणि लगेच स्वयंपाकघरातून आवाज आला. शब्द मला कळत नव्हते, पण गाणं ओळखीचं होतं. वहीतलं तिसरं. कारखान्यातून आलेली आई जेवणानंतर बाल्कनीतून टेबलाचा कपडा झटकते, आणि खालून जाणारा शेजारी रोज ओरडतो, एवढंच त्या गाण्यात होतं. तिनं अर्थ सांगितला तेव्हा मी म्हटलं होतं, एवढंच? आता ऐकताना कळलं की एवढंच पुरतं.

मी धावलो. तबला आणायला वेळ नव्हता. ब्रेडचा पत्र्याचा डबा ओट्यावर होता, तो पुढे ओढला आणि समेवर आलो. दादरा, सहा मात्रांचा, झोपाळ्यासारखा हेलकावणारा. ती हातात ओलं फडकं घेऊन खिडकीकडे तोंड करून गात होती. मी आलो हे तिला कळलं, पण तिनं वळून बघितलं नाही. गाणं संपलं तेव्हा बायको मागच्या दारात तशीच कपडा धरून उभी. तिचे डोळे भरले होते. माझेही. मला ते लपवायचं नव्हतं.

"अगं, हे असंच गा की तिथं," बायको म्हणाली.

"तिथं काकू नसतील कपडा झटकायला," ती म्हणाली. आणि खरंच, पुढच्या मंगळवारी समोरच्या खोलीत ती पुन्हा अडली.

रविवार आला. जूनचा महिना, सहा वाजले तरी ऊन लख्ख. चॅपलच्या उंच खिडक्यांतून ते आडवं येऊन लाकडी बाकांवर पडलं होतं. शंभरेक माणसं असतील. पुढे आमच्या थिएटरच्या नर्सेस. मधे बायकोनं जमवून आणलेली चार मराठी कुटुंबं, बरोबर वड्यांचे डबे, कारण रिकाम्या हातानं कार्यक्रमाला जायचं हे आमच्यात बसत नाही. दंतवैद्य आले होते, कॅमेरा गळ्यात घालून. सगळ्यात मागच्या बाकावर गिटारवाला आणि ड्रमर. ते येतील असं मला वाटलं नव्हतं. तिला वाटलं होतं.

तिच्या आधी एका जोडप्यानं व्हायोलिन वाजवलं. मग निवेदकानं तिचं नाव घेतलं. बँडचं नाव नाही, तिचं एकटीचं, आईकडचं आणि वडलांकडचं दोन्ही आडनावांसकट. उच्चार त्यानं पार बिघडवला. ती उठली. मी आधीच चौथऱ्यावर मांडी घालून बसलो होतो. तानपुऱ्याचा डबा चालू केला, तबल्यावर एक टिचकी मारून पाहिली. सूर नीट होता. चॅपलची हवा कोरडी, देवाची कृपा.

ती माईकसमोर आली. गुड ईव्हनिंग म्हणाली. पहिलं गाणं आईचं आहे, म्हणाली. डोळे मिटले.

आणि थांबली.

डबा घुमत होता. मला तिची पाठ दिसत होती. खांदे वर गेले, श्वास भरला गेला आणि सुटला. पुन्हा वर गेले, पुन्हा सुटला. बाकावर कोणीतरी खोकलं. एका मुलीनं आईला काहीतरी विचारलं आणि आईनं तिला गप्प केलं. मी हात तबल्यावर धरून बसलो होतो आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं, मोजावं का? हळूच? तर्जनीनं काठावर चार? कोणाला कळणार आहे? गुरुजी मिरजेला, तेही आता फोटोत. माझं बोट उचललं गेलंसुद्धा.

आणि मागून आवाज आला. टक, टक, टक, टक.

ड्रमर होता तो. कार्यक्रमाचा कागद गुंडाळून त्यानं पुढच्या बाकाच्या पाठीवर चार ठोके दिले होते. त्यात टिंगल नव्हती, कुचेष्टा नव्हती. इतकी वर्षं ती अशी उभी राहिली की तो चार द्यायचा, म्हणून आत्ताही दिले. पडणाऱ्या माणसाला आपण नकळत हात देतो, तसं. सगळ्या चॅपलला ते ऐकू आले. गिटारवाल्यानं मान वर केली. मी समजलो, संपलं. आता ही गाणं उचलेल, बरोबर पाचव्याला, सवयीनं. आणि उद्या सोमवार.

तिनं उचललं नाही.

पाचवी मात्रा आली तशी गेली. सहावी गेली. तिनं डोळे उघडले, मागच्या बाकाकडे बघितलं आणि हसली, अगदी प्रेमानं. उजवा हात छातीवर ठेवून त्याच्याकडे बघून थोडी झुकली. थँक्यू, पण नको. मग तिनं डोळे परत मिटले. आता खांदे वर गेले नाहीत. घाईच नव्हती कसली. चॅपलमध्ये एवढी शांतता झाली की बाहेरची बस जाताना ऐकू आली. बस जाऊ दिली तिनं. आणि मग सुरू केलं.

आमच्या तालमीपेक्षा संथ. ड्रमरच्या चार ठोक्यांच्या तर निम्म्यानं. तिच्या आईच्या पायांना कामानंतर जेवढी गती असेल तेवढी. पहिली ओळ हॉलभर पसरली, आणि ती कोणाकडेही बघत नव्हती.

आता तबल्याची पाळी. महिनाभर मी याच क्षणासाठी बसलो होतो. मुखडा झाला की सम, सम आली की धा. तीस-पस्तीस वर्षांत मी सम चुकवलेली नाही. दंतवैद्याची चुकली की मी ती सावरून घेतो, आणि त्यांना कळूही देत नाही. सम आली. माझा हात वर गेला.

तो तिथंच राहिला.

मी रडत होतो. डोळ्यांत पाणी येणं वगैरे नाही, सरळ रडत होतो, मांडी घालून, शंभर माणसांसमोर. सम गेली. दुसरं आवर्तन आलं, त्याची सम गेली. मुखडा दुसऱ्यांदा आला आणि ती एकटी, नुसत्या त्या डब्याच्या सुरावर पुढे चालली होती. तबला नव्हता. मागे कोणीच नव्हतं. आणि तिनं वळून बघितलं नाही. एकदाही नाही. साथीदार मेला की जिवंत आहे हेसुद्धा नाही. गाणं तिचं होतं, ती घेऊन चालली होती, ज्याला यायचं त्यानं यावं.

मी तिसऱ्या समेवर आलो. बाहीनं नाक पुसून आलो. त्यानंतर वाजवलं ते बरं वाजलं, असं लोक म्हणाले.

सहाही गाणी झाली. सहाही तिनं सुरू केली. शेवटच्याला तर निवेदक काहीतरी बोलायला पुढे येत होता, त्याचं बोलणं सुरू व्हायच्या आत हिनं केलं. टाळ्या थांबेनात. बायको बाकावर उभी राहून टाळ्या वाजवत होती, गुडघा दुखतो त्या पायावर. गिटारवाला पुढे आला, तिच्याशी हात मिळवला, आणि मला वाटलं काहीतरी मोठं बोलेल. तो म्हणाला, "सोमवारी मी दुसरी कोणीतरी बघतो तर." ती म्हणाली, "बघ." दोघंही हसले. मग ड्रमरनं माझा डग्गा आणि तबला दोन बगलांत घेऊन गाडीपर्यंत आणून दिला, आणि वाटेत दोनदा सॉरी म्हणाला. मी त्याला वड्यांचा अख्खा डबा देऊन टाकला.

ती वर्षभरानं मायदेशी परत गेली, नर्सचं काम अर्धवेळ ठेवून. तिच्या एकटीच्या नावाची सीडी आली. कव्हरवर तिचा फोटो आणि दोन्ही आडनावं. तबला त्यात आमच्या तालमीतल्या रेकॉर्डिंगवरून दोन गाण्यांत आहे, आणि पाठीमागे बारीक अक्षरांत माझं नाव आहे. सगळ्यांच्या शेवटी. मी तीन दिवस सगळ्यांना दाखवत फिरलो.

त्या संध्याकाळनंतर दंतवैद्यांनी फोटो धुऊन आणले तेव्हा ते थोडे अवघडून म्हणाले, "डॉक्टर, सगळे छान आलेत. एक मात्र नेमका चुकीच्या वेळी आला बघा. सुरुवातीला तुमचं जरा राहिलं होतं ना, तेव्हाचा. तुमचा हात हवेतच आहे. फाडून टाकू?"

मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी फ्रेम करून आणला. बायको अजून विचारते, तबल्यावर हात असलेले इतके चांगले फोटो आहेत, मग हा का? नीट बघितलंत तर दिसेल. कोपर वर आहे, पंजा उघडा आहे, खाली तबला गप्प आहे. मी वाजवत नाहीये, आणि ती गातेय.